छत्तीसच्या रोलमधले चाळीस

"फ्रेम दे," माझ्या खांद्यावरून चिठ्ठी वाचत ग्लोरी म्हणाली. "त्यांना सगळे फ्रेमच देतात."

चिठ्ठीवर चर्चच्या पाळकबाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : यशवंत बोर्डे. मी ती घाईघाईने मुठीत धरली. नाव कुणाला कळू द्यायचं नाही असा नियम होता आणि तो अर्ध्या मिनिटात मोडला होता.

नगरच्या आमच्या चर्चमधली ही जुनी पद्धत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की हॉलमध्ये बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा फिरायचा. तरुण संघातल्या प्रत्येकाने डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव येईल त्या माणसाचे आपण त्या वर्षीचे नाताळमित्र. त्याला काय आवडेल ते आडून आडून शोधायचं आणि पंचवीस तारखेला सकाळी सगळ्या मंडळीसमोर भेट द्यायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नावं पाळकबाई आठवणीने टाकत. बोर्डेकाकांचं नाव चार वर्षांपासून, म्हणजे त्यांच्या पत्नी कमलकाकू गेल्यापासून, डब्यात होतं. त्याआधी ते नवराबायको दोघांच्या नावाने असायचं.

हे २०१२ साल. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले होते आणि कॉलेजच्याच प्रयोगशाळेत तात्पुरती सहायक म्हणून लागले होते. कुठलाही प्रश्न समोर आला की वही काढून त्याचे तुकडे करायची मला सवय होती. त्या दुपारीही मी वहीत लिहिलं : फोटोंचा नाद असलेल्या माणसाला काय द्यावं? खाली यादी केली. तिपाई. खांद्याला लावायची बॅग. भिंग पुसायचं कापड आणि फुंकणी. अल्बम. प्रत्येकापुढे एक रकाना : आहे की नाही. तो भरायचा तर काकांच्या घरी जाणं भाग होतं.

संघाच्या भित्तिपत्रकासाठी जुने फोटो हवेत, अशी थाप घेऊन मी मंगळवारी त्यांच्याकडे गेले. काका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. चर्चमधलं कुठलंही लग्न, बाप्तिस्मा, सहल असो, त्यांचा कॅमेरा गळ्यात असायचा. निदान मी लहान असताना असायचा. मोठी झाल्यावर त्यांच्या गळ्यात कॅमेरा पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढच्या खोलीत फळीवर फ्रेमा ओळीने मांडल्या होत्या. मी मोजल्या, अकरा. एकीतही त्यांनी स्वतःचा फोटो घातला नव्हता. दुकानातून येताना आत असतो तो नमुन्याचा कागद तसाच होता. समुद्रावर हसणारं एक गोरं कुटुंब तर तीन फ्रेमांमध्ये होतं.

"हे आमचे नातेवाईक," काका म्हणाले. "दर नाताळात वाढतात."

मी हसले आणि मनातल्या मनात यादीतली फ्रेम खोडली. ती मुळात यादीत नव्हती, तरी खोडली.

तिपाई होती, एक नाही दोन. बॅगा होत्या. कापड, फुंकणी, भिंगावर लावायच्या रंगीत काचा, सगळं होतं. आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात झिरोचा दिवा दिवसरात्र जळत असे, कारण दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते. काकांनी ते मला उघडून दाखवलं. उबदार, कापराचा वास असलेलं कपाट. चार कॅमेरे, भिंगं, निगेटिव्हच्या वह्या, प्रत्येक वहीच्या पाठीवर साल. आणि सगळ्यात वरच्या खणात, एकटी, प्लास्टिकची एक काळी डबी. तिच्यावर कागदाची पट्टी : २५-१२-९८.

"हा धुवायचा राहिला का?" मी विचारलं.

काकांनी डबी हातात घेतली. टोपणावरून अंगठा फिरवला. "चौदा वर्षं झाली. आता धुणार कोण? भिंगारला एक माणूस होता, तो गेला. नगरमध्ये रसायनंसुद्धा मिळत नाहीत." मग डबी कानाशी नेऊन त्यांनी हलकेच हलवली, आतली टकटक ऐकली. "छत्तीस फोटोंचा कृष्णधवल रोल. पण त्या दिवशी चाळीस निघाले. येशूनं पाच हजारांना पुरवलेल्या पाच भाकरी आणि दोन मासे आठवतात ना? तसं झालं बघ. चाळीस."

त्यांनी डबी जागेवर ठेवली आणि कपाट लावलं. चहा घेऊन मी घरी आले. वहीतलं पान उलटून एकच ओळ लिहिली : रसायनं मिळत नाहीत. खाली दोन रेघा मारल्या.

आई करंज्या करत होती. मी सहज म्हणून त्या डबीचं विचारलं. आईच्या हातातलं कातण थांबलं. मग ती हळू आवाजात सांगत राहिली आणि करंज्यांच्या कडा कापत राहिली. काकांना एकच मुलगी होती, शारोन. अठ्ठ्याण्णवच्या नाताळात चर्चमध्ये मुलांनी येशूजन्माचं नाटक केलं. त्यात शारोन देवदूत झाली होती. पुढचे दोन दात पडलेले, पाठीला तारेचे पंख. काकांनी त्या सकाळी नुसते फोटो काढले, खाली बसून, बाकावर उभं राहून. दोन जानेवारीला शारोनला ताप आला. मेंदूत गेला. पाचव्या दिवशी पोरगी संपली. नऊ वर्षांची होती.

"तिचे फोटो आहेत तसे," आई म्हणाली. "बाप्तिस्म्याचे, शाळेतले. पण ती सकाळ त्या डबीतच राहिली. कमलबाई मरेपर्यंत म्हणत होती, एकदा धुऊन आणा. त्यांनी नाही आणला."

"का?"

"का म्हणजे? दुःख. तू तो विषय काढू नकोस त्यांच्यापाशी."

मला शारोन अंधुक आठवत होती. मी त्या नाटकात मेंढरू होते. अंगाला कापूस चिकटवलेला, त्याची खाज. मागून कुणीतरी माझी कापसाची शेपटी ओढत होतं ती बहुतेक शारोनच. म्हणजे त्या डबीत मीही कुठेतरी होते, आठ वर्षांची. आईच्या कारणापेक्षा काकांनी स्वतःच्या तोंडाने दिलेलं कारण मला जास्त पक्कं वाटलं. त्यांना अडचण होती रसायनांची आणि रसायनं माझ्या हाताखाली होती. शास्त्र शिकलेल्या मुलीला यापेक्षा चांगली भेट कुठे सुचणार होती?

पुढचे दहा दिवस माझे आनंदात गेले, हे लिहायला हवं. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट, बोरॅक्स : सगळं प्रयोगशाळेच्या मांडणीवर होतं. विभागप्रमुख बाईंची परवानगी घेतली, फक्त कशासाठी ते मोघम सांगितलं. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. जिथे प्रकाश पडला तिथले कण डेव्हलपर काळे करतो, मग फिक्सर उरलेले क्षार विरघळवून घेऊन जातो. आधी हा, मग तो. जुन्या फिल्मवर करडी झाक येते, ती दाबायला चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड. मी हे सगळं वाचलं, तक्ते केले, तापमान किती आणि मिनिटं किती ते ठरवलं.

रोल गुंडाळायची टाकी हवी होती. माळीवाड्यातल्या एका स्टुडिओच्या मालकांनी दुकान बंद करून तिथे झेरॉक्स टाकलं होतं, त्यांच्याकडे ती माळ्यावर सापडली. टाकीबरोबर त्यांनी जुने, मुदत संपलेले दोन कृष्णधवल रोल आणि एक साधा कॅमेराही दिला, सराव कर म्हणाले. रोल कसा भरायचा ते दाखवताना फिल्मची पुढची जीभ उजवीकडच्या फिरकीच्या खाचेत अडकवली आणि थोडी दुमडली.

"ही नीट अडकली नाही तर फिल्म जागची हलत नाही," ते म्हणाले. "आपण वरून दाबत बसतो, आकडा पुढे जातो, आत काही नाही. हौशी लोकांचं असं फार व्हायचं. डावीकडचं हे चाक बरोबर फिरतंय का बघायचं, बस."

तेही मी वहीत लिहून ठेवलं, लागणार नव्हतं तरी.

सरावाचा रोल मी कॉलेजच्या आवारात काढला. चिंचेचं झाड, सायकलींची रांग, डबा खाणारी ग्लोरी. प्रकाशशास्त्राच्या प्रयोगांसाठी एक अंधारी खोली होती, तिथे टाकीत भरला आणि धुतला. ओली फिल्म खिडकीत धरली तर चिंचेचं पान न् पान मोजता येत होतं. ग्लोरीचे दात काळे आणि केस पांढरे. दुसरा रोल तसाच ठेवला.

अठरा तारखेला मी पुन्हा काकांकडे गेले. ते चहा टाकायला आत गेले तेव्हा कपाट उघडलं, वरची डबी पिशवीत टाकली आणि तिच्या जागी तशीच दुसरी ठेवली. तिच्यावर मी घरूनच पट्टी लावून आणली होती, त्यांच्या अक्षरासारख्या अक्षरात : २५-१२-९८. आतमध्ये काही घातलं नव्हतं. चहा नेहमीपेक्षा गोड झाला होता. काकांनी विचारलं, भित्तिपत्रकाचं कुठवर आलं? मी म्हटलं, होत आलंय.

वीस तारखेला सकाळी अकरा वाजता अंधाऱ्या खोलीत मी तो रोल उघडला. डेव्हलपर नऊ मिनिटं, वीस अंशांवर. पाणी. फिक्सर दहा मिनिटं. टाकीचं झाकण मी उत्सुकतेने काढलं.

फिल्म एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरी होती.

सुरुवातीची जीभ तेवढी काळी, कारण ती नेहमीच उजेडात असते. पुढे सगळी एकसारखी, पातळ राखाडी. आधी मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मग मी कड पाहिली. कारखान्यातच फिल्मच्या कडेवर प्रकाशाने आकडे उमटवलेले असतात आणि डेव्हलपरने काम केलं तरच ते दिसतात. ते दिसत होते, काळेभोर, ठसठशीत. एक, दोन, तीन, थेट छत्तीसपर्यंत. माझी रसायनं बिनचूक होती. दाखवण्यासारखं फिल्मवर काही नव्हतं, एवढंच त्यांनी दाखवलं होतं.

मी भिंग घेऊन जिभेचं टोक पाहिलं. सपाट. खाचेत अडकून दुमडल्याची एकही खूण नाही. रोल त्या दिवशी जागचा हललाच नव्हता. फिल्म संपली की कॅमेरा अडतो, खटका पुढे सरकत नाही. पुढे सरकायला जिथे फिल्मच नाही तिथे तो अडणार कशाला? सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

मी स्टुलावर बसून राहिले. फिल्म वाळत टांगली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने हलत होती.

त्या पाच दिवसांत मी कुणालाही काही सांगितलं नाही. पंचवीस तारखेला सकाळी उपासनेनंतर हॉलमध्ये भेटी सुरू झाल्या. कुणाला शाल, कुणाला स्तोत्रांचं मोठ्या अक्षरातलं पुस्तक. माझं नाव पुकारलं तेव्हा मी पुढे जाऊन काकांच्या हातात आदल्या दिवशी घाईत आणलेलं खोकं दिलं. त्यांनी कागद सोडवला. आतून समुद्रावरचं ते गोरं कुटुंब हसत बाहेर आलं.

"या, या," काका त्या फोटोला म्हणाले. "बारा झाले." सगळा हॉल हसला. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू पण का गं?" तेही हसूनच.

दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. खरं ते सांगायचं असं ठरवलं होतं. फिल्म कापून, लखोट्यात घालून पर्समध्ये ठेवली होती. न दुमडलेली जीभ, कडेचे आकडे, डावीकडचं चाक, कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हेही मनात लावून ठेवलं होतं.

दार उघडंच होतं. टेबलावर केकचा एक तुकडा, करंज्यांची बशी आणि मध्ये ती काळी डबी होती. मला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं, की दर नाताळात दुपारी काका ती कपाटातून काढून टेबलावर आणत आणि तिच्यासोबत केक खात.

"हलकी लागली," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "आणि वाजत नाही. अक्षर चांगलं उतरवलंस."

मी म्हणाले, "काका, मी रोल धुतला."

त्यांनी मान वर केली. रागाची मी तयारी ठेवली होती. राग तिथे नव्हता. डॉक्टरच्या दारातून बाहेर येणाऱ्या माणसाकडे बाहेर थांबलेली माणसं बघतात तसं ते माझ्याकडे बघत होते.

"काका, तो रोल..."

"रोल तिनं भरला होता," ते घाईने म्हणाले. "शारोननं. पंख लावून तयार होऊन बसली आणि हट्ट धरला, आज मी भरणार. तिला मी तेच द्यायचं कबूल केलं होतं, नाताळची भेट म्हणून. मोठी झालीस की कॅमेऱ्याला हात लाव म्हणायचो ना नेहमी. इतकी सावकाश भरत होती. जीभ बाहेर काढून." त्यांनी डबीच्या टोपणावरून अंगठा फिरवला. "चाक बघायचं असतं. डावीकडचं. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला वाटलं असतं, बाबांचा विश्वास नाही."

बाहेर रस्त्यावरून मुलं गाणी म्हणत चालली होती.

"छत्तीसला कॅमेरा अडायला हवा होता," मग ते म्हणाले. "मी काढत राहिलो. चाळीस निघाले. ती नाचत होती, माझ्या रोलमधून चाळीस निघाले म्हणून. तूच शिकलेली आहेस. निघतात का गं चाळीस?"

चौदा वर्षं तो रोल का धुतला गेला नव्हता ते मला तेव्हा कळलं. कमलकाकूंना शेवटपर्यंत नाही का म्हटलं, भिंगारचा माणूस जिवंत असतानाही त्याच्याकडे का नेला नाही, तेही. माझा हात पर्सच्या चेनवर होता.

"मला माहीत नाही, काका," मी म्हणाले. "माझ्या हातून चूक झाली. मी फिक्सर आधी ओतला."

ते स्वतः आयुष्यभर भिंगारच्या त्या माणसाच्या अंधाऱ्या खोलीत उठबस केलेले. याचा अर्थ त्यांना समजवावा लागला नाही. फिक्सर आधी गेला की चांदी सगळी विरघळून फिक्सरमध्ये उतरते, फोटो असले तरी आणि नसले तरी. मागे उरते ती काचेसारखी साफ पट्टी. काय होतं ते मग कुणालाच सांगता येत नाही.

"आधी?"

"बाटल्या सारख्या होत्या. अंधारात कळलं नाही."

त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर टेकले. मग म्हणाले, "म्हणजे होते."

मी पर्सच्या चेनवरचा हात काढून घेतला.

"फोटो होते, तू घालवलेस."

"हो."

"सगळे?"

"सगळे," मी म्हणाले. "चाळीसच्या चाळीस."

त्यांचा चेहरा सैल पडला. त्यानंतर राग आला, पण तो सावकाश, दुसरीकडून कुठून तरी यावा तसा. मला म्हणाले, फिक्सर फेकून दिलास का? मी म्हणाले, नाही. "मग तो घेऊन ये. फिल्म पण. उद्या. बाहेर ठेव आणि जा."

सव्वीस तारखेला कॉलेजला सुट्टी होती. शिपायाला सांगून मी प्रयोगशाळा उघडून घेतली, माळीवाड्याहून आणलेला दुसरा रोल अंधाऱ्या खोलीत सोडला आणि तो सरळ फिक्सरमध्ये बुडवला. अर्ध्या तासाने पट्टी आरपार साफ झाली. कडेला एकही आकडा नव्हता. तो फिक्सर मी पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरला, बूच लावलं. इतकं अचूक खोटं मी त्याआधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

काकांच्या दाराबाहेर दोन्ही ठेवून निघाले तोच दार उघडलं. काकांनी पट्टी उचलून उजेडात धरली. फोटो असतात त्या जागेकडे त्यांनी बघितलंच नाही. कडेवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पुन्हा उलट. आकडे नाहीत हे दोनदा पाहून घेतलं. मग त्यांनी पट्टी खिशात टाकली, बाटली छातीशी धरली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत.

मंडळीला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. कपाटातून चोरी केली, न विचारता धुतला, शारोनचे चाळीस फोटो नासले. ते चर्चमध्ये माझ्या बाकापासून दूर बसू लागले. पुढच्या डिसेंबरात बिस्किटांचा डबा फिरत माझ्याजवळ आला तेव्हा ग्लोरीने तो माझ्यासमोरून उचलून पलीकडे दिला, माझ्याकडे न बघता. आई काकांच्या दारात दोनदा गेली. एकदा त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं तर तिने त्यांचे पाय धरले, असं शेजारच्यांनी मला सांगितलं. मी आईला खरं सांगितलं नाही. आईला सांगितलेलं पाळकबाईंना कळलं असतं आणि त्यांना कळलेलं काकांना.

लोक सांगत, की काका त्यानंतर शारोनबद्दल बोलू लागले. फोटोंबद्दल तर फारच. एकात ती पंख सावरत होती. एकात तिने मेंढराची शेपटी ओढली होती. ऐकणारे हळहळत आणि माझं नाव घेत. मला वाटलं होतं, यातून त्यांना काही तरी मिळेल. ग्लोरीच्या आईने एकदा त्यांना विचारलं, इतके छान होते तर तेव्हाच का नाही हो धुतले? त्या दिवसापासून काकांनी तोही विषय बंद केला. घराबाहेर पडणंही हळूहळू बंद केलं.

मी पुण्याला आले, एका औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. नाताळला नगरला जाणं कमी होत गेलं. काका गेले ते नऊ वर्षांनी, फेब्रुवारीत. आईने फोन करून म्हटलं, तू यायला हवंस. का, ते म्हणाली नाही.

शवपेटी हॉलमध्ये ठेवली होती, उघडी. पाळकसाहेबांच्या हातात काकांनी लिहून ठेवलेला कागद होता. माझ्याबरोबर शारोनचे फोटो ठेवावेत. कपाट, वरचा खण. त्यांनी कपाट उघडून पाहिलं होतं. झिरोचा दिवा अजून जळत होता, असं आई म्हणाली. वरच्या खणात काळी डबी नव्हती, फिल्मची पट्टीही नव्हती. एक बाटली होती. ते काय आहे हे कुणाला कळेना, म्हणून मला बोलावलं होतं.

आईने ती रुमालात गुंडाळून आणली होती. आतलं पाणी पिवळट झालं होतं आणि तळाशी काळसर साका बसला होता, बोटभर. वर कागदाची पट्टी, थरथरत्या अक्षरात : शारोन. २५-१२-९८. एकूण ४०.

"हेच का ते?" पाळकसाहेबांनी विचारलं.

माझी पर्स काखेत होती. खरी फिल्म नऊ वर्षं त्याच लखोट्यात होती आणि त्या सकाळी पुण्याहून निघताना मी तो पर्समध्ये टाकला होता. का, ते मला माहीत नाही. एक ते छत्तीस, सगळे आकडे शाबूत.

"हो," मी म्हणाले. "हेच."

आईने बाटली माझ्या हातात दिली. "सांभाळून धर," ती हळूच म्हणाली. "या वेळी तरी."

मी पेटीजवळ गेले. काकांच्या उजव्या हाताशी, कोटाच्या बाहीला टेकून ती आडवी न होता राहील अशी जागा केली. ठेवण्याआधी बूच फिरवून बघितलं. घट्ट होतं. मग पुन्हा एकदा बघितलं.